एकोणीस सेकंद

"रंगनाथ, ती चावी खाली ठेव," आप्पा तिसऱ्यांदा म्हणाले.

रंगनाथने ठेवली नाही. पाण्याच्या टाकीखाली, व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर दोन पाय फाकून तो उभा होता. हातात कमरेएवढी लांब लोखंडी चावी, वर आडवी मूठ असलेली. त्या चावीने व्हॉल्व्ह फिरवला की अर्ध्या मांडवखेडला पाणी सुटायचं. आठ दिवस सुटलं नव्हतं. समोर शे-दीडशे बायका, रिकामे हंडे, प्लास्टिकच्या घागरी, आणि मागे मोटारसायकलींना ड्रम बांधून आलेले पुरुष. सगळे एकच शब्द ओरडत होते. "सोड! पाणी सोड! सोड!"

"ग… ग…" रंगनाथ म्हणाला. त्याची हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. "ग… ग…"

"शिव्या देतोय बघा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

नगरपालिकेचा पाणी सोडणारा रंगनाथ दुशिंग तोतरा होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी त्या गावात आठ महिन्यांपूर्वी पोलीस शिपाई म्हणून रुजू झाले होते, वय चोवीस, प्रोबेशन संपायला अजून सव्वा वर्ष. नाव ज्योत्स्ना गायधनी. माझ्या शेजारी उभे होते ते हवालदार किसन वाघचौरे. ठाण्यात लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

आप्पांच्या हातात पिवळं पिस्तूल होतं. विजेच्या झटक्याचं. जिल्ह्याला चाचणीसाठी तीन आली होती, त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. त्यातून गोळी सुटत नाही, दोन बारीक तारा सुटतात. तारांच्या टोकांना गळासारखे काटे असतात, ते कपड्यात किंवा अंगात रुततात. चाप एकदा दाबला की पाच सेकंद झटका. दाबूनच धरला, तर धराल तोपर्यंत. काटे अंगात असले की पुन्हा दाबता येतो. "ज्याचा हात शांत त्याच्याकडे द्या," असं म्हणून इन्स्पेक्टर साहेबांनी ते आप्पांना दिलं होतं. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला मीही गेले होते, कारण दर वापरानंतर एक अहवाल भरायचा होता आणि ठाण्यात माझं अक्षर चांगलं होतं.

"रंगनाथ, बाबा, ऐक," आप्पा म्हणाले. "तू चावी ठेव, मग आपण बोलू. कुणी तुला हात लावणार नाही."

"ग… गट…"

त्याच वेळी गर्दी पुढे सरकली. एक घागर रंगनाथच्या खांद्यावर येऊन आदळली. त्याने चावी वर उचलली. अडवायला की मारायला, ते मला तेव्हाही कळलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळून मागे हटल्या, एक म्हातारी पडली, आणि आप्पांनी चाप दाबला.

फटाक्याच्या लडीसारखा आवाज झाला. रंगनाथ ताठ झाला आणि झाड तोडावं तसा आडवा पडला. मग धूळ. पायांची पळापळ. कुणीतरी "सोड, सोड" ओरडत होतं. मग मी गुडघ्यावर बसलेली होते, रंगनाथच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि त्याची एक चप्पल खड्ड्यातल्या पाण्यावर तरंगत होती.

एवढंच मला आठवत होतं.

चावी कुणी उचलली, व्हॉल्व्ह कुणी फिरवला, कुणाला माहीत. आम्ही रंगनाथला जीपमध्ये घालत होतो तेव्हा मागे हंडे भरल्याचे आवाज येत होते. जीपमध्ये तो माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं तेव्हा मी दचकून मागे सरले. त्याने स्वतःच्या तळहातावर काहीतरी लिहिलं आणि हात माझ्यासमोर धरला. रक्ताने शाई पसरली होती, तरी वाचता आलं. 'गटार.'

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी जीप थांबवायला सांगितली, वायरलेसवरून ठाण्याला कळवलं. टाकीवर जाणारी लाइन रस्त्याच्या खोदकामात फुटली होती आणि तिथे गटाराचं पाणी शिरत होतं. रंगनाथला सकाळी व्हॉल्व्ह तपासताना वास आला होता. त्याने कुणाला फोन केला असता, पण फोनवर त्याला बोलताच यायचं नाही. म्हणून तो चावी घेऊन खड्ड्यावर उभा राहिला. अर्ध्या तासात नगरपालिकेची रिक्षा भोंग्यावर ओरडत फिरली, पाणी पिऊ नका, ओतून द्या. तरी त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जुलाबाचे चाळीसेक पेशंट आले. सगळे बरे झाले. रंगनाथचं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि जीभ चावली गेली होती. जिभेला सात टाके पडले.

दुपारी तीन वाजता ठाण्यात मी अहवालाचा कोरा फॉर्म काढला. आप्पा समोर बसले. त्यांनी उजव्या मनगटाला हातरुमाल गुंडाळला होता.

"लागलं का आप्पा?"

"खरचटलंय. लिही तू."

मी वेळ लिहिली, जागा लिहिली. समोरच्या व्यक्तीच्या हातात काय होतं, ते लिहिलं. पुढचा रकाना होता, पोलिसांपैकी कुणास इजा.

"नाही म्हणून लिही."

"पण तुमचं मनगट—"

"नाही म्हणून लिही गायधनी."

मी लिहिलं. मग रकाना आला, चाप किती वेळा दाबला, प्रत्येक वेळी किती सेकंद. मी पेन टेकवून वर पाहिलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टर बघतो तसे.

"तुला काय आठवतं?" त्यांनी विचारलं.

"मला? तुम्ही एकदा दाबला. तो पडला. मग आपण त्याला जीपमध्ये घातलं."

"मधलं?"

"मधलं काय?"

बाहेर कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं. "मग झालं तर," ते म्हणाले. "लिही. एकदा, पाच सेकंद."

मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली, डाव्या हाताने, वेडीवाकडी. साक्षीदार म्हणून मी केली. रंगनाथवर पोलिसांवरच्या हल्ल्याचं कलम लावायचं का, असं इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "हल्ला झालाच नाही साहेब. माणूस पाणी वाचवत होता." मला ते फार आवडलं. मोठ्या मनाचा माणूस, असं मी त्या दिवशी घरी आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

नवव्या दिवशी आम्हा दोघांना जिल्ह्याच्या गावी बोलावणं आलं. उपअधीक्षक कुलथे साहेबांकडे. साधारण पन्नाशीचे, बारीक चणीचे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांच्या टेबलावर आमचं पिवळं पिस्तूल होतं आणि शेजारी छापील कागद.

"वाघचौरे, हे यंत्र स्वतःची नोंद स्वतः ठेवतं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं साहेब."

"मग ऐका. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंद. चाप दाबला, पाच सेकंद. हे तुमच्या अहवालात आहे." त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "अकरा बेचाळीस एकवीस. पुन्हा चाप दाबला. एकोणीस सेकंद. हे तुमच्या अहवालात नाही."

मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी तसं म्हणणारही होते.

"माझंच चुकलं साहेब," आप्पा म्हणाले. "दोनदा दाबला मी. तो उठायला लागला, म्हणून पुन्हा दाबला. वयामुळे ध्यानात राहिलं नाही."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होते.

"एकोणीस सेकंद म्हणजे किती, कल्पना आहे?" कुलथे साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आपण तिघंही गप्प बसू."

काटा फिरू लागला. सातव्या सेकंदाला मला वाटलं, झालं असेल. अकराव्या सेकंदाला बाहेर एक मोटारसायकल सुरू झाली, पुढच्या फाटकापर्यंत गेली, वळली. मी माझे हात मांडीवर दाबून धरले होते. पंधरा. सोळा. आप्पांनी डोळे मिटले होते.

"हे एकोणीस," साहेब म्हणाले. "आणि गायधनी, तुम्ही साक्षीदार. तुमची सही आहे. तुम्ही एकदाच पाहिलं?"

"हो साहेब."

"दोन हातांवर उभ्या होता तुम्ही."

"तिचं लक्ष गर्दीकडं होतं साहेब," आप्पा मध्येच म्हणाले. "म्हातारी पडली होती, तिला उचलत होती ही."

मी म्हातारीला उचललं नव्हतं. निदान मला तसं आठवत नव्हतं.

बाहेर आल्यावर एसटी स्टँडच्या बाकड्यावर मी त्यांना गाठलं. "आप्पा, तुम्ही दोनदा दाबलात?"

"सांगितलं ना आत."

"मग माझ्याकडून एकदा का लिहून घेतलंत? माझी सही आहे त्याच्यावर. प्रोबेशन आहे माझं!"

"म्हणूनच म्हणतो, गप्प बस."

"म्हणजे काय म्हणूनच?"

"गाडी लागली बघ," ते म्हणाले आणि उठले.

परतीचा दीड तास मी रागाने खिडकीकडे तोंड करून बसले होते. ज्याला मी देवमाणूस समजत होते त्याने माझं चांगलं अक्षर वापरून घेतलं होतं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते मला नीट पकडता येत नव्हतं. मी तिथे होते. डोळे उघडे होते. एकोणीस सेकंद तो लडीसारखा आवाज चालला असणार, आणि मला तो ऐकू आला नाही, हे कसं?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी साध्या कपड्यांत रंगनाथच्या घरी गेले. जायला नको होतं, चौकशी चालू होती. पण मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा आडोसा. रंगनाथ खाटेवर बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला. मला बघून त्याने पाय वर ओढून घेतले. त्याची बायको इंदूबाई भाकरी थापत होती. ती उठली, मला पाट दिला, पाणी दिलं. "उकळलेलं आहे," ती म्हणाली.

"कशी आहे तब्येत?" मी विचारलं.

रंगनाथने मान हलवली. उशाशी पाटी आणि खडू होता.

"बोलत नाहीत ते," इंदूबाई म्हणाली. "टाके निघाले. डॉक्टर म्हणतात, आता बोला. पण बोलत नाहीत. आधी निदान अडखळत बोलायचे."

मी पाणी प्यायले. मग जे विचारायला आले होते ते सरळ विचारलं. "दादा, मी सरकारी कामासाठी आलेली नाही. मला एवढंच सांगा, हवालदारांनी त्या दिवशी झटका किती वेळा दिला?"

रंगनाथने पाटी ओढली. लिहिलं, '१'.

"यंत्र दोनदा म्हणतंय. आप्पा स्वतःही दोनदा म्हणतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग इंदूबाईकडे. इंदूबाईने पिठाचे हात परातीवर झटकले.

"ताई," ती हळू म्हणाली, "तुम्हाला खरंच ठावं नाही का?"

"काय?"

रंगनाथने '१' पुसला नाही. त्याच्या शेजारी लिहिलं, 'हवालदार'. खाली '१' लिहिलं. त्याच्या शेजारी खडू टेकवून तो थांबला आणि मग लिहिलं, 'तुम्ही'.

मी हसले. त्याची मला आजही लाज वाटते. "नाही दादा," मी म्हणाले. "पिस्तूल माझ्या हातात नव्हतंच. तुमची गफलत होतेय. तुम्ही पडला होता."

"मी नव्हते पडले," इंदूबाई म्हणाली. "मी पुढच्या रांगेत होते ताई, घागर घेऊन. पहिल्या झटक्यानं हे पडले. मग उठायला लागले. मूठ आवळली होती, बोटं उघडत नव्हती, म्हणून चावी हातातच. ती फिरली आणि हवालदाराच्या मनगटावर लागली. पिस्तूल खाली पडलं. तुम्ही उचललं."

"नाही."

"तुम्ही दोन्ही हातांनी धरलं होतं. असं." तिने पिठाचे दोन्ही हात पुढे केले, बोटात बोट अडकवून. "डोळे मिटले होते तुमचे. तो म्हातारा हवालदार तुमची बोटं उचकटत होता. 'सोड पोरी, सोड,' म्हणत होता. आम्ही आधी पाण्यासाठी ओरडत होतो सोड म्हणून, मग सगळ्या बायका तुम्हालाच म्हणायला लागल्या, सोड गं बाई, सोड, मरंल तो."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

"माझ्या मनाला वाटलं, तुम्ही माफी मागायला आलात," ती म्हणाली.

मी कसलीही माफी न मागता उठले. चप्पल घालताना मला डावी-उजवी कळेना. रंगनाथने पाटीवर आणखी काहीतरी लिहिलं आणि इंदूबाईच्या हाताला हात लावला. तिने ती पाटी माझ्यापुढे धरली. 'घाबरला होता तुम्ही. मीपण.'

ठाण्याच्या मागे निंबाच्या झाडाखाली आप्पा मोटारसायकल पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं खाली ठेवलं.

"गेली होतीस तिथं."

"हो."

"कुणी सांगितलं होतं जायला?"

"आप्पा, मी दाबला?"

त्यांनी फडकं पुन्हा उचललं. मनगट अजून सुजलेलं होतं. मला तेवढ्यात कळलं, इजेच्या रकान्यात त्यांनी 'नाही' का लिहायला लावलं. मनगटाला लागलं म्हटलं की पिस्तूल पडलं म्हणावं लागणार, आणि पिस्तूल पडलं म्हटलं की ते उचललं कुणी, हे आलं.

"मला आठवत का नाही?" मी ओरडले. "तुम्ही सांगायचं ना मला!"

"सांगून काय झालं असतं?" आप्पा मोटारसायकलला टेकून उभे राहिले. "जीपमध्ये तू मला विचारलंस, आप्पा, ह्याच्या तोंडातून रक्त का येतंय. मी म्हटलं, हिला कळलंच नाही आपण काय केलं. नोकरीत असं एकदा-दोनदा होतं माणसाचं. हात पुढं जातो, माणूस मागं राहतो. म्हटलं, नाही आठवत तर नको. माझे चार महिने राहिलेत, माझं काय व्हायचंय. तुझी पस्तीस वर्षं आहेत पुढं."

"पण तो माणूस बोलत नाही आता."

"माहितीये मला."

"मी जाऊन सांगते कुलथे साहेबांना."

तेव्हा मात्र ते चिडले. आठ महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "आणि मी? मी साहेबांपुढं उभा राहून सांगितलं, मीच दाबला म्हणून. आधी अहवाल खोटा, मग जबाब खोटा. तुला मोकळं व्हायचंय, तू होशील. सदतीस वर्षं एक शेरा नाही माझ्या पुस्तकात. आणि तुला तर आठवतही नाही! काय सांगणार तू त्यांना?"

मी खोलीवर गेले. आरशासमोर उभी राहून दोन्ही हात पुढे केले, बोटात बोट अडकवून, इंदूबाईने दाखवलं तसे. डोळे मिटले. काहीतरी उमटेल म्हणून वाट पाहिली. बोटांनी मला काहीच सांगितलं नाही. एक क्षण असंही वाटलं की ही सगळी नवरा-बायकोने मिळून रचलेली गोष्ट असेल, आप्पाही त्यात असतील. मग त्या विचाराचीच भीती वाटली. दोन दिवस मी जेवले नाही म्हणण्यापेक्षा, जेवायचं असतं हे सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी जिल्ह्याला गेले. आप्पांना सांगून गेले. ते हजेरीच्या वहीत मान घालून बसले होते, वर पाहिलं नाही.

कुलथे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी लेखनिकाला बोलावलं, आणि तो कागद लावून बसल्यावर मला विचारलं, "दुसऱ्यांदा चाप तुम्ही दाबलात, हे तुम्हाला आठवतं?"

"नाही साहेब."

"पिस्तूल उचललेलं आठवतं?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"यंत्रावरून. ज्याला लागलं त्याच्यावरून. त्याच्या बायकोवरून. आणि आप्पांच्या मनगटावरून."

"ते त्यांचे जबाब झाले. तुमचा जबाब म्हणजे तुम्हाला जे ठाऊक आहे ते. जे आठवत नाही ते तुमच्या जबाबात घेता येत नाही गायधनी. कायद्याने ते टिकत नाही." ते पुढे वाकले. "तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. आठवतं असं म्हणा, आम्ही लिहून घेतो. किंवा आठवत नाही म्हणा, आणि हवालदारांचा जबाब आहे तसा राहतो. मी दोन्हीपैकी कशालाही हरकत घेणार नाही."

लेखनिक पेन उचलून बसला होता. आठवतं म्हणणं खोटं होतं. आठवत नाही म्हणून उठून जाणं, तेही खोटंच होतं, फक्त त्याला कुणी खोटं म्हटलं नसतं.

"साहेब, असं लिहा," मी म्हणाले. "मला आठवत नाही. पण मी केलं."

"एकाच वाक्यात?"

"एकाच वाक्यात."

त्यांनी लेखनिकाकडे बघून मान हलवली. "लिहा, जसं म्हणाल्या तसं."

याला आता एकवीस वर्षं झाली. माझं प्रोबेशन वर्षाने वाढलं आणि मला ठपक्याचं पत्र मिळालं, ते माझ्या सेवापुस्तकात आहे. आप्पांनाही मिळालं, सदतीस वर्षांत पहिलं आणि शेवटचं. तिन्ही पिस्तुलं सहा महिन्यांनी मुख्यालयात परत गेली. रंगनाथवर कुठलंच कलम लागलं नाही, आणि पावसाळा संपता संपता तो कामावर परतला. मी त्याच्या घरी पुन्हा गेले होते, त्या वेळी माफी मागायला. इंदूबाईने तेव्हाही पाट दिला. रंगनाथ दिवाळीनंतर हळूहळू बोलू लागला, पहिल्यापेक्षा जास्त अडखळत. गावात लोक आता त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचे, हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

आप्पा माझ्याशी त्या एसटीच्या सकाळपासून बोलले नव्हते. कामापुरतं हो-नाही, तेवढंच. त्यांचा निरोपसमारंभ झाला, हार झाले, फोटो झाले, साहेबांचं भाषण झालं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सगळं आटोपल्यावर ते पिशवी घेऊन बाहेर निघाले आणि माझ्यासमोर थांबले.

"आलं का आठवून काही?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला रोज आठवतं," ते म्हणाले. "तुझ्या वाट्याचंपण." आणि फाटकाकडे चालायला लागले.